दिल्लीची बाई, गल्लीची बाई आणि आपण

(मुकुटबन, जि. यवतमाळ येथे झालेल्या व्याख्यानाचा संपादित अंश)



मुकुटबनला यायचे म्हणजे माजरीहून आदिलाबादकडे जाणाऱ्या लोहमार्गाने किंवा वणीकडून सडकेने. मी सडकेने आलो. वाटेत कोळशाचे ट्रक भेटले, पऱ्हाटीची शेते भेटली आणि गावाजवळ येताच सिमेंट कारखाना दिसला. २०२२ साली तो सुरू झाला, तेव्हापासून या परिसराचा दिनक्रम बराच बदलला असे मला येथील तरुण मंडळींनी सांगितले. दक्षिणेला पैनगंगा ओलांडली की तेलंगण. म्हणजे मराठी, तेलुगू, गोंडी आणि कोलामी अशा चार भाषा ज्याच्या कानावर पडतात, असे हे गाव आहे. अशा ठिकाणी संस्कृतीवर भाषण करायला पुण्या-मुंबईचा विद्वान लागत नाही. आणि मी विद्वान नाहीच. कला शाखेचा साधा पदवीधर आणि तीस वर्षे वर्तमानपत्रात बातम्या लिहिलेला माणूस आहे.

संयोजकांनी विषय दिला आहे, ‘संस्कृती, कला, राजकारण आणि आपले रोजचे जगणे’. विषय इतका विस्तीर्ण आहे की त्यावर काहीही बोलता येते आणि काहीही न बोलता एक तास काढता येतो. तसे होऊ नये म्हणून मी एकच प्रसंग घेणार आहे. आपल्याच जिल्ह्यातला. जानेवारी २०१९मध्ये यवतमाळ येथे भरलेले ९२वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन. या एका प्रसंगात संस्कृती, कला, राजकारण आणि आपले रोजचे जगणे अशी चारही सूत्रे एकत्र गुंफली गेली होती.

यवतमाळला संमेलन भरण्याची ती पहिली वेळ नव्हती. १९७३ साली ४९वे संमेलन तेथेच झाले होते. अध्यक्ष होते ग. दि. माडगूळकर. त्याच वर्षी आपल्या वणीचे सुपुत्र लोकनायक बापूजी अणे यांच्या ‘तिलकयशोर्णव’ या संस्कृत काव्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार मरणोत्तर मिळाला. राजकारणात आयुष्य घालवलेला, बिहारचे राज्यपालपद भूषविलेला हा माणूस लोकमान्यांचे चरित्र संस्कृत श्लोकांत लिहितो, ही या मातीची परंपरा आहे. राजकारण आणि साहित्य यांचा संबंध आला की ते विटाळते, असे मानणाऱ्यांनी बापूजींकडे पाहावे.

तर २०१९. संमेलनाध्यक्षपदी डॉ. अरुणा ढेरे यांची निवड झाली होती. निवडणूक न घेता, सन्मानाने. १९६१ साली ग्वाल्हेरला अमरावतीत जन्मलेल्या कुसुमावती देशपांडे अध्यक्ष झाल्या, त्या पहिल्या स्त्री अध्यक्ष. त्यानंतर दुर्गाबाई भागवत, शांताबाई शेळके, विजया राजाध्यक्ष आणि मग अरुणाताई. शतकाहून अधिक काळाच्या परंपरेत तोवर फक्त पाच. म्हणून यवतमाळचे संमेलन हे स्त्रीच्या सन्मानाचे संमेलन ठरणार, असे सर्वांनाच वाटत होते.

उद्घाटक म्हणून इंग्रजी लेखिका नयनतारा सहगल यांना निमंत्रण गेले होते. मराठीच्या व्यासपीठावर इंग्रजी लेखिका कशाला, असा आक्षेप घेतला गेला. संमेलन उधळून लावण्याची भाषा झाली. आणि संमेलन चार-पाच दिवसांवर आले असताना त्यांना ‘आपण येऊ नये’ असे कळवण्यात आले. पुढे काय झाले ते आपण जाणताच. अनेक लेखकांनी संमेलनाकडे पाठ फिरवली. महामंडळाचे अध्यक्ष श्रीपाद भालचंद्र जोशी यांनी राजीनामा दिला. ज्या पक्षाच्या स्थानिक कार्यकर्त्यांनी विरोध केला होता, त्या पक्षाच्या नेत्यानेच आपला विरोध नसल्याचे जाहीर केले. पण तोपर्यंत निमंत्रण मागे गेले होते. आणि मग उद्घाटनासाठी नाव पुढे आले ते आपल्याच जिल्ह्यातील, कळंब तालुक्यातल्या राजूर गावच्या वैशाली येडे यांचे. कास्तकार नवऱ्याने आत्महत्या केल्यानंतर दोन लेकरांसह उभी राहिलेली बाई. ११ जानेवारीला तिच्या हातून मराठी साहित्याच्या सर्वांत मोठ्या उत्सवाचा दीप लागला.

त्या दिवसानंतर दोन निकाल दिले गेले. एका बाजूने म्हटले, हा विचारस्वातंत्र्याचा खून आहे आणि शेतकऱ्याच्या विधवेला पुढे करून संयोजकांनी आपली लाज झाकली. दुसऱ्या बाजूने म्हटले, बरे झाले, पुरस्कार परत करणारी बाई गेली आणि आपली लेक आली. मी त्या वेळी दुसऱ्या बाजूच्या जवळ होतो, हे प्रांजळपणे सांगतो. आज मला दोन्ही निकाल अपुरे वाटतात. का, ते सांगण्यासाठीच मी उभा आहे.

प्रथम सहगल यांच्याविषयी. ऑक्टोबर २०१५मध्ये त्यांनी साहित्य अकादमीचा पुरस्कार परत केला. ती कृती मला पटली नव्हती, आजही पटत नाही. अकादमी ही लेखकांची संस्था आहे, सरकारशी भांडण असेल तर ते सरकारशी करावे, असे माझे मत आहे. परंतु मत न पटणे वेगळे आणि घरी बोलावलेल्या पाहुण्याला दारातून परत पाठवणे वेगळे. आपल्याकडे दुश्मनही पाहुणा म्हणून आला तर त्याच्यापुढे पाण्याचा तांब्या ठेवतात. बोलावले नसते तर कोणाची तक्रार नव्हती. बोलावून नको म्हटले, तेथे आपण आपल्याच संस्कृतीत नापास झालो. खुद्द अरुणाताईंनी अध्यक्षपदावरून हे चुकले असे सांगितले. कोणाच्याही छावणीत नसलेल्या विदुषीचा तो निर्वाळा होता.

आणखी एक गोष्ट. ज्यांना परक्या म्हणून नाकारले, त्या सहगल यांचे वडील रणजित सीताराम पंडित हे मराठी कुळातले. त्यांनी कल्हणाच्या ‘राजतरंगिणी’चे इंग्रजी भाषांतर केले. त्याच घराण्यातील शंकर पांडुरंग पंडित हे अथर्ववेदाचे संपादक. वेदविद्येचा अभिमान सांगणाऱ्या आपल्यापैकी किती जणांना हे ठाऊक होते? मला नव्हते. मी नेहरूंची भाची एवढेच पाहिले आणि पुढचे पान उलटलेच नाही. पत्रकाराने पान न उलटणे म्हणजे कास्तकाराने बियाणे न पाहता पेरण्यासारखे आहे.

आणि सज्जनहो, १९७५चे कराड संमेलन आठवा. देशात आणीबाणी होती. यशवंतराव चव्हाणांसारखा बलाढ्य नेता स्वागताध्यक्ष होता. अशा वेळी अध्यक्ष दुर्गाबाई भागवतांनी निर्भयपणे लेखनस्वातंत्र्याची बाजू मांडली आणि पुढे तुरुंगवासही पत्करला. त्या दुर्गाबाईंचे नाव आपण आदराने घेतो. आपल्या विचारांच्या शेकडो घरांतले कर्ते पुरुष तेव्हा तुरुंगात होते, म्हणून तो आदर आपल्याला अधिकच. मग सत्तेला न आवडणारे बोलण्याचा जो हक्क कराडला आपल्याला प्रिय होता, तो यवतमाळला अप्रिय कसा होईल? तत्त्व तेच ठेवायचे असेल तर ते आपल्याला अडचणीचे असतानाही ठेवावे लागते.

आता वैशालीताईंविषयी. त्यांना ‘ऐन वेळी पुढे केलेली बाई’ म्हणणाऱ्यांना एक गोष्ट माहीत नव्हती. व्यासपीठ त्यांना नवे नव्हते. श्याम पेठकर यांनी लिहिलेल्या आणि हरीश इथापे यांनी दिग्दर्शित केलेल्या ‘तेरवं’ या नाटकात त्या काम करीत होत्या. तेरवं म्हणजे तेरावा, हे विदर्भात सांगायला नको. या नाटकाचे वैशिष्ट्य असे की शेतकऱ्यांच्या विधवांच्या भूमिका करायला नट्या आणल्या नाहीत. ज्यांनी भोगले त्याच स्त्रिया रंगमंचावर आल्या.

यातली अवघड गोष्ट लक्षात घ्या. ज्या बाईने आयुष्यात माइक पाहिला नाही, तिला संवाद पाठ करायचे आहेत. स्वतःच्या घरात घडलेला प्रसंग तालमीत पुन्हा पुन्हा उभा करायचा आहे. मोकळेपणी रडायचे नाही, कारण रडले तर पुढचे वाक्य मागच्या रांगेपर्यंत पोहोचत नाही. म्हणजे दुःखावर ताबा मिळवायचा आणि मगच ते दुसऱ्याला दाखवायचे. कला यापेक्षा वेगळे काय करते? आमच्या महाविद्यालयात साहित्यशास्त्राचा तास असे, त्यात करुण रसाची व्याख्या आम्ही घोकली. तिचा अर्थ या बायांनी मला शिकवला. आणि या तालमी करताना घरची कामे सुटलेली नव्हती. मजुरी होती, लेकरांची शाळा होती, गावाची नजर होती. ‘नवरा मेला आणि ही नाटकात नाचते’ हे वाक्य खेड्यात किती सहज उच्चारले जाते, हे इथे बसलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे.

म्हणून यवतमाळच्या व्यासपीठावर जी बाई बोलली, ती दयेवर आलेली नव्हती. तिने ते व्यासपीठ आधीच कमावले होते. संयोजकांना ते अडचणीत सापडल्यावर दिसले, हा संयोजकांचा दोष. अडचणीच्या वेळी दिल्लीची नव्हे, गल्लीतलीच बाई कामाला येते, अशा आशयाचे वाक्य त्या तेथे बोलल्या आणि टाळ्यांचा कडकडाट झाला. मी घरी दूरचित्रवाणीसमोर होतो. मीही टाळी वाजवली.

नंतर मात्र त्या वाक्याने माझी झोप उडवली. एक तर सहगल दिल्लीच्या नव्हेत, देहरादूनला राहणाऱ्या. पण तो मुद्दा किरकोळ. खरा मुद्दा असा, की या दोन बायांचे एकमेकींशी भांडण कधी होते? एकीने दुसरीची जागा घेतली नव्हती. एकीला उठवणारे आणि दुसरीला बसवणारे हात एकच होते. ते यजमानाचे हात होते. आणि वैशालीताईंच्या वाक्याचा टोला सहगल यांना नव्हताच, तो आपल्याला होता. गल्लीतली बाई तुम्हाला फक्त अडचणीतच का आठवते, असा तो प्रश्न होता. आपण त्याला उत्तर म्हणून टाळ्या दिल्या.

पुढे त्याच वर्षी लोकसभेची निवडणूक आली. वैशालीताई प्रहार जनशक्ती पक्षातर्फे यवतमाळ-वाशिम मतदारसंघातून उभ्या राहिल्या. त्या पराभूत झाल्या. निवडणुकीची गणिते वेगळी असतात, त्याबद्दल मला काही म्हणायचे नाही. पण जानेवारीत ‘आपली लेक’ म्हणून टाळ्या वाजवणारे आम्ही पत्रकार एप्रिलमध्ये तिच्या सभेची बातमी आतल्या पानावर चार ओळींत देत होतो, हे मी स्वतः पाहिले आहे.

आता एक माझी गोष्ट सांगतो. ती सांगायची की नाही, याचा विचार मी येताना वणीपासून करत होतो.

साल २००६. विदर्भातील शेतकऱ्यांच्या आत्महत्यांनी देश हादरला होता. तसे हे दुःख जुने. १९ मार्च १९८६ रोजी आपल्याच जिल्ह्यातील चिलगव्हाणचे शेतकरी साहेबराव करपे यांनी सहकुटुंब आयुष्य संपवले, तो दिवस आजही अनेक ठिकाणी उपवासाने पाळला जातो. परंतु २००६च्या जुलैत पंतप्रधान विदर्भात आले, सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटींचे पॅकेज जाहीर झाले आणि देशभरचे कॅमेरे या जिल्ह्यात आले. मीही रोज एखाद्या घरी जात होतो. ठरलेले प्रश्न, ठरलेले छायाचित्र. भिंतीवरच्या फोटोखाली बाईला बसवायचे आणि छायाचित्रकाराने टिपायचे.

अशाच एका घरी मी गेलो. गावाचे नाव सांगत नाही. पंचविशीतली बाई, सासू, दोन मुले. बाई फारसे बोलली नाही. बातमीला मजकूर कमी पडत होता म्हणून मी गावातल्या एका जबाबदार माणसाला विचारले. तो म्हणाला, ‘पीत असे थोडी.’ मी बातमीत एक ओळ लिहिली, ‘मृत शेतकरी व्यसनाधीन असल्याची गावात चर्चा आहे.’ चर्चा एका माणसाची होती. घरच्यांना मी विचारलेही नव्हते.

तुम्हाला माहीत आहे, मदतीचे प्रकरण समितीपुढे जाते. कर्ज होते का, परतफेड थकली होती का, तगादा होता का, हे पाहून प्रकरण ‘पात्र’ किंवा ‘अपात्र’ ठरते. पात्र ठरले तर एक लाख रुपये, त्यातले तीस हजार हातात आणि सत्तर हजार ठेवीत. काही महिन्यांनी ती बाई भावाला घेऊन आमच्या कार्यालयात आली. प्रकरण अपात्र ठरले होते. फायलीची नक्कल तिच्या हातात होती आणि त्यात माझ्या बातमीचे कात्रण होते. त्या ओळीखाली शाईने रेघ मारलेली होती. त्या एका ओळीमुळेच प्रकरण फेटाळले गेले, असा दावा मी करत नाही. इतरही कागद होते. पण रेघ होती.

ती भांडली नाही. एवढेच म्हणाली, ‘दादा, तुम्ही घरी आला होतात, चहा घेतला होतात. मला एकदा विचारायचं होतं.’

मी दुरुस्ती छापण्याचे कबूल केले. ती छापून आली, आतल्या पानावर, तीन ओळी. त्या तीन ओळींनी फाइल उघडली नाही. नंतर मी त्या गावात दोनदा गेलो, पण त्या घरापर्यंत पाय गेले नाहीत.

म्हणून सांगतो, ‘तेरवं’ पाहताना मी इतर प्रेक्षकांसारखा रडू शकलो नाही. रंगमंचावर त्या बाया स्वतःबद्दल स्वतः बोलत होत्या. त्यांच्याबद्दल बोलण्याचे काम आजवर माझ्यासारख्यांनी केले होते, आणि ते कसे केले याची मला आठवण होती. सहगल यांचे भाषण न ऐकता त्यांच्याबद्दल मत बनवणारा मी आणि त्या बाईला न विचारता तिच्या नवऱ्याबद्दल ओळ लिहिणारा मी, एकच माणूस आहे. दोन्ही ठिकाणी चूक एकच, ज्याच्याविषयी बोलायचे त्याचे म्हणणे आधी ऐकले नाही.

आता आपल्या रोजच्या जगण्याकडे येऊ. संमेलनाचा दीप ११ जानेवारीला लागला आणि चार-दोन दिवसांवर संक्रांत होती. संक्रांतीला गावोगाव हळदीकुंकू असते. माझ्या मनात तेव्हा प्रश्न आला. साऱ्या महाराष्ट्राच्या वतीने ज्यांनी दीप लावावा असे आपण ठरवले, तशा बाईला आपल्या गल्लीत वाण लुटायला बोलावतात का? साहित्यिकांचा दीप तिच्या हातून चालतो, मग लग्नातल्या नवरीला हळद लावायला तिचा हात का चालत नाही?

४ मे २०२२ रोजी कोल्हापूर जिल्ह्याच्या शिरोळ तालुक्यातील हेरवाड या गावाने ठराव केला. नवऱ्याच्या निधनानंतर बाईचे कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे, मंगळसूत्र तोडणे हे प्रकार आपल्या गावात बंद. त्याच महिन्यात शासनाने सर्व ग्रामपंचायतींना हेरवाडचा कित्ता गिरवण्याचे आवाहन केले. मोठी गोष्ट झाली. पण ठराव कागदावर असतो आणि बांगडी हातात असते. ज्या घरात प्रेत पडले आहे, तेथे जमलेल्या चार वडीलधाऱ्या बायांपैकी एकीने तरी ‘थांबा’ म्हटले पाहिजे. ते म्हणण्याचे धैर्य शासनाच्या परिपत्रकातून येत नाही.

कोणी म्हणेल, ही रूढी म्हणजेच आपली संस्कृती. मला ते मान्य नाही. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी ग्रामगीतेत ‘महिलोन्नती’ असा स्वतंत्र अध्याय लिहिला. महर्षी कर्व्यांनी १८९३ साली विधवेशी विवाह केला, बहिष्कार सोसला आणि मग संस्था उभ्या केल्या. ही माणसे संस्कृतीबाहेरची होती काय? आणि दूर कशाला जाता? या झरी-जामणी तालुक्यातील पोडांवर राहणाऱ्या कोलाम बांधवांना आपण मागास म्हणतो. आदिम जमात म्हणून त्यांची सरकारदरबारी नोंद आहे. त्यांच्यात आणि गोंड बांधवांत विधवेने पुन्हा घर मांडण्याला समाजाची मान्यता आहे. या बाबतीत पुढारलेला कोण आणि मागासलेला कोण, हे तुम्हीच ठरवा. समरसता म्हणजे आपण त्यांना शिकवायचे एवढेच नव्हे, त्यांच्याकडून शिकायचेही असते.

संयोजकांनी मला शेवटी काही संदेश द्या असे सांगितले आहे. संदेश देण्याचा अधिकार मला आहे असे वाटत नाही. तीन विनंत्या करतो.

पहिली, येत्या ग्रामसभेत हेरवाडसारखा ठराव मांडा, आणि तो वाचून दाखवण्याचे काम सरपंचाऐवजी गावातल्या एखाद्या एकल भगिनीला द्या. दुसरी, येत्या संक्रांतीला वाणाची यादी करताना शेजारचे ते एक घर वगळू नका. यासाठी शासनाची मंजुरी लागत नाही, पैसाही लागत नाही. तिसरी विनंती येथील तरुणांना. या पंचक्रोशीत दंडार आहे, भजनी मंडळे आहेत, गणपतीत नाटकेही होतात. एक वर्ष त्या बायांना बोलवा. त्यांना उभे करून सत्कार करू नका, साडी-नारळ देऊन परत पाठवू नका. त्यांना काय सांगायचे आहे ते विचारा आणि शेवटपर्यंत ऐका. त्यांचे बोलणे तुमच्या मताविरुद्ध गेले, सरकारविरुद्ध गेले, गावाविरुद्ध गेले, तरी माइक बंद करू नका.

भाषण संपल्यावर मुक्कामाचा आग्रह आपण प्रेमाने केला आहे, पण मी राहणार नाही. परतीच्या वाटेत ते एक गाव लागते. एकोणीस वर्षांहून अधिक काळ झाला. ते घर तेथे आहे की नाही, ठाऊक नाही. असेल तर आज दार वाजवणार आहे. या वेळी वही-पेन गाडीतच ठेवीन.